मोराची चिंचोली: अभयारण्य नसलेल्या गावात मोर टिकले कसे? आणि तिथे फिरायला जाताना काय पाळायचं?

जून महिना लागला की इन्स्टाग्रामवर एक रील हमखास फिरायला लागतं. मागे हिरवीगार झाडी, पुढे पिसारा फुलवलेला मोर, एखादं पावसाचं गाणं आणि खाली ओळ, 'पुण्यापासून फक्त दीड-दोन तासांवर!' गाव असतं शिरूर तालुक्यातलं मोराची चिंचोली.

या रीलखालच्या कमेंट्समध्ये काही प्रश्न नेहमीचे असतात. अभयारण्याचं गेट कुठे आहे? तिकीट किती? जीप सफारी मिळते का?

मोराची चिंचोली हे अभयारण्य नाही. गावाभोवती वनविभागाचं कुंपण नाही आणि मोरांसाठी राखून ठेवलेलं जंगलही नाही. इथले मोर राहतात ते लोकांच्या शेतात, बांधावर, ओढ्याकाठी आणि चिंचेच्या मोठमोठ्या झाडांवर. ते टिकलेत याचं श्रेय या झाडांना आहे, आणि मोरांना हुसकावून न लावणाऱ्या माणसांना.

म्हणून इथे फिरायला जाणाऱ्याने मोर कुठे दिसतो हे तर बघावंच, पण तो इथे का राहतो हेही समजून घ्यावं.

गाव नेमकं कुठे आहे?

मोराची चिंचोली पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्याच्या पश्चिम भागात आहे. पुण्यापासून अंतर साधारण ५० ते ५५ किलोमीटर. पुणे-अहिल्यानगर महामार्गाने शिक्रापूरपर्यंत जायचं आणि तिथून आत वळायचं. पाबळ, कान्हूर मेसाई ही या पट्ट्यातली गावं. अष्टविनायकांपैकी रांजणगावचा महागणपती याच तालुक्यात असल्यामुळे बरेच जण दोन्ही ठिकाणं एकाच दिवसात करतात.

हा सगळा भाग पर्जन्यछायेचा. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इथे पोचेपर्यंत बराच ओसरलेला असतो. शिरूर तालुक्यात घोड आणि कुकडी नद्यांच्या काठाला कालवे आणि ऊस आहे, पण पाबळ-कान्हूरच्या बाजूला शेती मुख्यतः पावसाच्या भरवशावर चालते. अशा कोरड्या मुलखात सावली देणारी मोठी झाडं एकत्र दिसणं हीच वेगळी गोष्ट आहे.

गावाचं नावच सगळं सांगतं. चिंचा होत्या म्हणून चिंचोली. महाराष्ट्रात चिंचोली नावाची गावं बरीच आहेत, त्यामुळे या चिंचोलीची ओळख मोरांवरून झाली. इथल्या चिंचा पेशवाईच्या काळात लावल्या गेल्या आणि झाडी वाढली तसे मोर आले, असं गावात सांगितलं जातं.

पण मोराला चिंचच का लागते?

मोराला चिंचच लागते असं नाही. त्याला तीन गोष्टी लागतात. दिवसा चरायला मोकळी जमीन, धोका वाटला तर लपायला झुडपं आणि रात्री बसायला उंच झाड. चिंचेची मोठी झाडं यातली तिसरी गरज उत्तम भागवतात.

मोर दिसायला जमिनीवरचा पक्षी असला तरी तो जमिनीवर झोपत नाही. अंधार पडायच्या आधी तो उंच फांदीवर जाऊन बसतो. कोल्हा, रानमांजर, भटकी कुत्री यांच्यापासून तिथे तो सुरक्षित असतो. जुन्या चिंचेच्या आडव्या, जाड फांद्या त्याचं वजन सहज पेलतात. ऐन उन्हाळ्यात आसपासच्या बऱ्याच झाडांची पानं झडलेली असताना चिंच बहुधा हिरवी असते, म्हणून दुपारची सावलीही तिच्याखालीच मिळते.

चिंच मुळात आफ्रिकेतली. पण भारतात ती इतक्या जुन्या काळापासून आहे की अरबांनी तिला 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानी खजूर, असं नाव दिलं. इंग्रजीतला 'टॅमरिंड' हा शब्द त्यावरूनच आला. झाड हळू वाढतं, पण शंभर वर्षांहून जास्त जगतं. त्याच्या दाट सावलीत गवत फारसं वाढत नाही, त्यामुळे झाडाखालची जमीन मोकळी राहते आणि लांबचं दिसतं. सावध पक्ष्याला ते सोयीचं असतं.

संध्याकाळी तिथे असाल तर चिंचेचं पान नीट बघा. प्रत्येक पानाला समोरासमोर छोट्या पर्णिकांच्या जोड्या असतात. दिवस मावळला की या जोड्या मिटतात आणि सकाळी पुन्हा उघडतात.

मोर बघायला कधी जायचं?

यासाठी मोराचा दिवस कसा जातो ते माहीत हवं.

उजाडता उजाडता मोर झाडावरून खाली उतरतात. सूर्य वर येईपर्यंतचे दोन-तीन तास ते शेतात आणि माळावर चरतात. ऊन तापलं की सावलीत, झुडपात जातात. दुपारी चारनंतर पुन्हा बाहेर पडतात आणि सूर्यास्ताच्या सुमाराला आपल्या ठरलेल्या झाडांकडे परततात. सकाळी ११ वाजता गाडीतून उतरून 'इथे तर मोरच नाहीत' म्हणणाऱ्यांचं इथेच चुकतं.

ऋतूचंही तसंच आहे. पिसारा फुलवलेला मोर बघायचा तर पावसाच्या सुरुवातीचे महिने चांगले. पावसाळा सरत आला की नराच्या पिसाऱ्यातली लांब पिसं गळायला लागतात आणि नवीन पिसारा यायला पुढचे काही महिने जातात. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर मोर दिसेल, पण बहुधा बिनपिसाऱ्याचा. चिंचा खायच्या असतील तर फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ.

मोर पाऊस बघून नाचतो का?

मोर नाचतो तो लांडोरीसाठी. त्याचा विणीचा हंगाम पावसाळ्याच्या आसपास असतो, म्हणून ढग आणि नाच यांची आपल्या मनात जोडी जमली. पिल्लं बाहेर येतात तेव्हा पावसामुळे किडे आणि कोवळा चारा मुबलक असतो, हे या वेळापत्रकामागचं साधं कारण.

आपण ज्याला शेपूट म्हणतो तो पिसारा खरं तर शेपूट नव्हे. ती शेपटीच्या वरच्या बाजूची लांबलेली पिसं असतात. खरी शेपूट त्याच्या मागे असते, आखूड आणि तपकिरी. पिसारा उभा राहतो तेव्हा ती मागून आधार देते. निळा-हिरवा रंगही रंगद्रव्याचा नसतो. पिसांची सूक्ष्म रचना प्रकाश अशा प्रकारे परावर्तित करते की आपल्याला तो रंग दिसतो. म्हणूनच कोन बदलला की रंग बदलतो.

एक जुना फॉरवर्ड मेसेज अजून फिरतो. मोर ब्रह्मचारी असतो आणि त्याचे अश्रू पिऊन लांडोर गाभण राहते, असा. २०१७ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी निवृत्तीच्या दिवशी हेच सांगितलं होतं आणि त्यावर देशभर मीम्स झाले होते. मोर-लांडोरीचं मीलन इतर पक्ष्यांसारखंच होतं. लांडोर झुडपाच्या आडोशाला जमिनीवर साधा खळगा करून अंडी घालते. ती साधारण महिनाभर एकटीच उबवते, नर त्यात काही मदत करत नाही.

फिरणाऱ्यांसाठी ही माहिती महत्त्वाची आहे. पावसाळ्यात बांधावरच्या झुडपात शिरून फोटो काढायचा प्रयत्न केला, तर पायाखाली घरटं येऊ शकतं. लांडोर दचकून उठली की अंडी उघडी पडतात आणि ती टिपायला कावळे, मुंगूस, कुत्री असतातच.

मोराशिवाय काय दिसतं?

चिंचेबरोबर या भागात बाभूळ, बोर, कडुलिंब, करंज, वड, उंबर अशी झाडं भेटतात. अशा झाडीत पक्षी भरपूर असतात. तारेवर बसून माशा टिपणारा वेडा राघू, दुपारभर 'टुक टुक' करणारा तांबट, बांधावरून जड चालीने जाणारा भारद्वाज, सात-आठच्या टोळीने कलकलाट करणारे सातभाई, जुन्या झाडाच्या ढोलीतून टक लावून बघणारा पिंगळा. उंबर पिकलेला असेल तर धनेशही येतो. जमिनीवर मुंगूस, ससा, घोरपड, धामण.

नुसते मोर मोजत चाललात तर हे सगळं निसटतं. एका झाडाखाली वीस मिनिटं न बोलता बसलं, तर चालण्यापेक्षा जास्त दिसतं.

शेतकऱ्याला हे मोर परवडतात का?

रीलमध्ये न दिसणारी बाजू ही आहे. मोर पेरलेलं बी उकरतो, कोवळे कोंब खातो, शेंगा आणि भाजीपाल्यावरही ताव मारतो. किडे, उंदरांची पिल्लं, छोटे साप खाऊन तो शेताला मदतही करतो, पण पेरणीनंतर आठवड्याभरात ओळच्या ओळ रिकामी दिसली की शेतकऱ्याला ते आठवत नाही.

देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२३ च्या अहवालात मोरांची संख्या वाढत असल्याचं म्हटलं आहे. माळरानावरच्या कितीतरी पक्ष्यांची संख्या घटत असताना मोर वाढतोय. त्यामुळे शेतकरी आणि मोर यांच्यातला ताण अनेक राज्यांत दिसतो. विषारी औषध लावलेलं बियाणं खाऊन मोर मेल्याच्या बातम्या दरवर्षी कुठून ना कुठून येतात.

चिंचोलीत हा ताण थोडा हलका झाला, कारण मोर बघायला येणारा माणूस जेवतो, राहतो आणि पैसे देतो. घरगुती जेवण, बैलगाडीची फेरी, हुरडा, शेतातला मुक्काम असं कृषी पर्यटन इथे उभं राहिलं. राज्य सरकारनेही २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं. मोराने खाल्लेल्या दाण्यांची भरपाई पर्यटकाच्या ताटातून होते, असं म्हणायला हरकत नाही. पण हा पैसा ज्याच्याकडे पर्यटक येतात त्याला मिळतो. मोर चरतात ते मात्र सगळ्यांच्या शेतात.

कायदा काय म्हणतो?

मोर १९६३ पासून भारताचा राष्ट्रीय पक्षी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. शिकार सिद्ध झाली तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची कैद होऊ शकते. अभयारण्याच्या आत असो वा कुणाच्या शेतात, कायदा सगळीकडे तोच.

पिसांचं काय? आपोआप गळलेलं पीस उचलणं किंवा देशात विकणं यावर बंदी नाही. निर्यातीला मात्र परवानगी नाही.

आणि झाडांचं? चिंच हे झाड महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या यादीत आहे. म्हणजे स्वतःच्या शेतातली चिंच तोडायलाही परवानगी लागते. अर्थात, कायदा झाड तोडण्यापासून वाचवू शकतो. नवीन झाड लावण्याचं आणि ते जगवण्याचं काम माणसांनाच करावं लागतं. आज लावलेल्या चिंचेवर मोर बसायला एक पिढी जावी लागते. जुनी झाडं एकेक करून वठली आणि त्यांच्या जागी नवी आली नाहीत, तर मोरांनी रात्री बसायचं कुठे, हा या गावापुढचा खरा प्रश्न आहे.

बिबट्याची भीती किती खरी?

शिरूरला जायचं म्हटलं की आता हा प्रश्न येतोच. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तालुक्याच्या उत्तर टोकाच्या पिंपरखेड आणि जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जणांचा जीव गेला. त्यात दोन लहान मुलं होती आणि एक वयोवृद्ध महिला. संतापलेल्या लोकांनी रास्ता रोको केला, वनविभागाचं वाहन पेटवलं. त्यानंतर वनविभागाच्या मोहिमेत बिबट्याला गोळ्या घालून ठार करण्यात आलं.

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके जुन्नर वनविभागात येतात. धरणं आणि कालवे झाल्यावर इथे ऊस वाढला. ऊस वर्षभर उभा असतो, दाट असतो, त्यात पाणी आणि आडोसा मिळतो. बिबट्याची मादी उसातच पिल्लं घालते. खायला वाड्या-वस्त्यांवरची कुत्री, शेळ्या, वासरं असतात. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. गजबजलेल्या शेतीच्या भागातही १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ बिबटे असल्याचं त्यात आढळलं. त्यांच्या खाण्यात भटक्या कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा होता.

पकडून दुसरीकडे सोडणं हा उपायही वाटतो तितका सोपा नाही. जुन्नरमध्ये बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दुसरीकडे सोडायला सुरुवात झाल्यावर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले, असं अत्रेय यांच्याच २०११ च्या शोधनिबंधात नोंदवलं आहे.

चिंचोलीचा भाग नदीकाठच्या दाट उसाच्या पट्ट्यातला नाही. पण तालुका तोच आहे आणि बिबट्या एका रात्रीत बरंच अंतर कापतो. म्हणून पहाटेच्या अंधारात आणि संध्याकाळी उशिरा एकट्याने फिरू नये. मुलांचा हात धरून ठेवावा, त्यांना मागे रेंगाळू देऊ नये. उसाच्या किंवा मक्याच्या उभ्या पिकात शिरू नये.

आणि उरलेलं जेवण उघड्यावर टाकू नये. उष्टं टाकलं की कुत्री वाढतात. कुत्री जमिनीवरची मोराची अंडी आणि पिल्लं खातात. त्याच कुत्र्यांच्या मागे बिबट्या वस्तीजवळ येतो. पर्यटक संध्याकाळी घरी परततो, बिबट्याशी गाठ पडते ती मागे राहणाऱ्यांची.

राखीव जागाच बघायची असेल तर?

मग दौंडच्या बाजूला जा. पुणे-सोलापूर महामार्गावर दौंड तालुक्यातल्या चौफुल्याला वळून मोरगावच्या रस्त्याने गेलं की सुपे लागतं. सुपे बारामती तालुक्यात, पण दौंडच्या हद्दीला लागून. तिथे मयूरेश्वर अभयारण्य आहे. नाव मोरगावच्या गणपतीवरून आलं आहे. १९९७ मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य अवघं ५.१४ चौरस किलोमीटरचं, राज्यातल्या सर्वांत लहान अभयारण्यांपैकी एक.

तिथे दाट सावली नाही. खैर, हिवर, बोर अशी विरळ काटेरी झाडं आणि मधे गवताळ माळ. हे चिंकारा हरणाचं घर. नशीब असेल तर लांडगा, खोकड दिसतात. माळावर चंडोल आणि धाविक हे पक्षी भेटतात. अशा माळांकडे 'पडीक जमीन' म्हणून बघितलं जातं आणि तिथे दाट झाडं लावायची हौस अनेकांना असते. पण चिंकाऱ्याला लांबवर नजर टाकता येईल असा मोकळा माळच लागतो. चिंचोलीत झाड गेलं तर मोर जाईल. सुप्यात झाडांनी माळ भरला तर चिंकारा जाईल.

फिरायला जाताना एवढं लक्षात ठेवा

- सूर्योदयाला पोचा किंवा दुपारी चारनंतर बाहेर पडा. मधला वेळ जेवण आणि आराम.
- शेतातून चालण्याआधी मालकाला विचारा. ती कुणाची तरी पेरलेली जमीन असते.
- मातकट रंगाचे कपडे घाला, आवाज कमी ठेवा, गाडीतलं गाणं बंद ठेवा.
- मोरांना चिवडा, बिस्कीट, फरसाण टाकू नका. माणसाला सरावलेला मोर कुत्र्याला आणि शिकाऱ्याला सोपा सापडतो.
- मोबाइलवर मोराचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या काळात तो चरणं सोडून प्रतिस्पर्धी शोधत फिरतो.
- मोरांवर ड्रोन उडवू नका. वरून येणारी सावली त्यांना शिकारी पक्ष्याची वाटते.
- मोर जिथे रात्री बसतात त्या झाडाचं लोकेशन टॅग करू नका. गावाचं नाव पुरेसं आहे.
- प्लॅस्टिकच्या कागदाच्या शेततळ्याजवळ मुलांना सोडू नका. काठ निसरडा असतो.
- जखमी मोर किंवा अडकलेला प्राणी दिसला तर हात न लावता वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.
- जेवण गावात घ्या. मोर सांभाळणाऱ्या गावापर्यंत तुमचे पैसे पोचण्याचा तो सरळ मार्ग आहे.

गेट आणि तिकीट नसलेल्या या गावात मोर टिकून आहेत, कारण कुणीतरी चिंच तोडली नाही आणि कुणीतरी पेरणीत उतरलेल्या मोराला दगड मारला नाही. पुढच्या जूनमध्ये तेच रील पुन्हा समोर येईल, तेव्हा शेअर करताना ही माहितीही सोबत पाठवता येईल.